पुंगळीतलं वारं

उसाला पाणी पाजणारं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना इंजिनाचा धूर कसा वाहतो हे निराळं शिकवावं लागत नाही. उभी नळी, तिच्या तोंडावर पाऊस आत जाऊ नये म्हणून बसवलेलं पत्र्याचं झाकण, आणि पुक्... पुक्... पुक्. दर ठोक्याला झाकण उचलतं, धुराचा एक गोळा बाहेर पडतो, झाकण परत नळीवर आपटतं. थंडीच्या सकाळी ते गोळे वर जाताना एकेक मोजता येतात. नळीतून धूर ओढ्यासारखा वाहत नाही, ठोक्याठोक्याने फेकला जातो.

मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये हेच चालतं. साडेतीनशे सीसीचं, एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे नळीत सेकंदाला 25 ठोके पडतात. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची धडधड होते. त्या धडधडीवर जीव टाकणारी पोरं गावोगावी आहेत. तिच्यासाठी ती मूळ सायलेन्सर काढून टाकतात आणि जागी आतून मोकळं नळकांडं बसवतात. दुकानात त्याची इंदोरी, पंजाबी अशी नावं असतात. आपल्याकडे सरसकट एकच शब्द आहे, पुंगळी.

पुंगळीच्या आत नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेले. ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेला हा भाग. इथल्या एका गॅरेजात पासष्टीच्या मिस्त्रींसमोर कॉलेजातला एक मुलगा उभा होता. गाडी त्याच्या काकांची, जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट. पुंगळी त्याने स्वतःच्या पैशांनी लावलेली.

"मामा, आवाज कडक झालाय, पण घाटात दम खातीया गाडी. कार्ब्युरेटर बघा की जरा."

"कार्ब्युरेटरला काय बी झालं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "फुंकणीच्या जागी तू डांबाचा पाइप लावलास. चूल पेटंल व्हय?"

मुलगा हसला, पण मिस्त्री हसले नाहीत. मी तिथेच एका टायरवर बसले, कारण फुंकणीच्या त्या एका वाक्यात निम्मा विषय आला होता.

ज्या बाईने आयुष्यभर चुलीवर रांधलं, तिला फुंकणीचं तोंड किती बारीक हवं ते माहीत असतं. फुंकर तेवढीच, पण अरुंद वाटेने गेली की तिला धार येते. नळी रुंद केली की तीच फुंकर सैल पडते आणि निखाऱ्यावरची राखही हलत नाही. आता हे इंजिनाला लावून बघू. साडेतीनशे सीसीचा सिलिंडर दर खेपेला साधारण एक तृतीयांश लिटर हवा आत घेतो. ती जळून 600 अंश सेल्सियसच्या आसपास बाहेर पडते, तेव्हा फुगून जवळपास लिटरभर झालेली असते. सेकंदाला 25 ठोके म्हणजे 25 लिटर. बेंड पाइपचा, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत वळून येणाऱ्या नळीचा आतला व्यास 35 मिलिमीटर धरला, तर आतल्या वायूचा सरासरी वेग सेकंदाला 26 मीटर येतो. ताशी 90 किलोमीटरच्या वर. ही सगळ्या वेळेची सरासरी झाली. प्रत्यक्ष ठोका पडतो त्या क्षणी वेग याच्या कितीतरी पट असतो. व्यास 35चा 45 केला, तर नळीचं तोंड 65 टक्क्यांनी वाढतं आणि सरासरी वेग ताशी 57 किलोमीटरवर उतरतो.

वेग उतरला तर बिघडलं कुठे, बाहेरच तर पडायचंय, असं वाटू शकतं. पण वेगात निघालेल्या वायूला वजन असतं आणि वजनाला ओढ असते. तो पुढे धावतो तेव्हा त्याच्या पाठीमागे पोकळी राहते, आणि ती पोकळी सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला जळका वायू खेचून घेते. म्हणूनच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायच्या आधीच इंटेक व्हॉल्व्ह उघडायला लागेल अशी रचना इंजिनात असते. दोन्ही दारं थोडा वेळ एकदम उघडी असतात. त्या वेळात जाणाऱ्याने येणाऱ्याला हात देऊन आत ओढायचं असतं. जाणारा रेंगाळला, तर येणारा दारातच अडतो. जळका वायू आत उरतो, ताजं मिश्रण कमी येतं आणि घाटात गाडी दम खाते. मुलाची तक्रार खरी होती, त्याचं बोट तेवढं चुकीच्या जागी होतं.

गॅरेजात याचा एक सोपा सिद्धांत प्रचलित आहे: इंजिनाला बॅकप्रेशर लागतं, पुंगळीने ते जातं, म्हणून ताकद जाते. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की कधीकाळी माझाही त्यावर विश्वास होता. तो चूक आहे. वाटेत अडथळा असणं कुठल्याही चार-स्ट्रोक इंजिनाला आवडत नाही, कारण मागून रेटा आला की पिस्टनला वायू ढकलायला जास्त कष्ट पडतात. इंजिनाला हवा असतो वेग, आणि त्याहून जास्त हवी असते वेळ. अरुंद नळीत वेग मिळतो आणि त्याबरोबर थोडा अडथळाही येतो. लोकांनी वेगाचं श्रेय अडथळ्याला देऊन टाकलं.

वेळेची गोष्ट जास्त गहन आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून तळाशी पोचलेलाही नसतो. सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. दार किलकिलं होताच तो दाब नळीत आदळतो आणि त्याची लाट धावत सुटते. ही लाट आणि वायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायू मागून येतो, लाट त्याच्यातूनच पुढे पळते, ध्वनीच्या वेगाने. आपल्या अंगणातल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. तापलेल्या वायूत तो वेग वाढतो आणि बेंड पाइपात साडेपाचशे मीटरच्या घरात जातो.

लाट नळीच्या उघड्या तोंडाशी पोचली की काय होतं? सगळी बाहेर निघून जाते, असं वाटतं. जात नाही. तिचा बराचसा भाग परत फिरतो, आणि परत येताना उलटा होऊन येतो: दाब म्हणून गेलेली लाट ओढ म्हणून परतते. हे मला कधीच पटत नसे. मग मिरज जंक्शनची आठवण झाली. शंटिंगच्या वेळी इंजिन डब्यांच्या रांगेला धडक देतं. धक्का एका डब्यातून दुसऱ्यात असा खडखडत शेवटपर्यंत जातो. शेवटच्या डब्यापुढे कुणीच नसतं. तो मोकळा उसळतो आणि आपल्या मागच्या डब्याला कपलिंगने ओढतो. तो डबा त्याच्या मागच्याला ओढतो, आणि ओढ डब्याडब्याने इंजिनाकडे परत येते. गेला धक्का, आली ओढ. शेवटच्या डब्यापुढे रूळ संपल्याचा ठोकळा असता, तर धक्क्याचा धक्काच परत आला असता. नळीचं उघडं तोंड म्हणजे मोकळा डबा, बंद तोंड म्हणजे ठोकळा.

ही ओढ जर दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतानाच सिलिंडरशी पोचली, तर पिस्टनने खाली सरकायच्या आधीच ताजं मिश्रण आत खेचलं जातं. इंजिनाने एका पैशाचं काम न करता त्याचं पोट भरतं. आणि ती भलत्या वेळी पोचली, किंवा तिच्या जागी दाबाची लाट पोचली, तर तेच मिश्रण उलटं ढकललं जातं. मीटरभर नळीत लाटेला जाऊन यायला सुमारे 3.6 मिलिसेकंद लागतात. 3000 फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक 65 अंश फिरतो, 6000ला 131 अंश. लाटेची चाल ठरलेली, इंजिनाची चाल बदलती. म्हणून प्रत्येक नळीला तिचा एक टापू असतो, तिथे ती गाते. त्याच्या वर-खाली ती बेसूर होते. बासरीच्या लांबीने जसा तिचा स्वर ठरतो, तसा नळीच्या लांबीने इंजिनाच्या ताकदीचा टापू ठरतो. कंपनीचा अभियंता ही लांबी, हा व्यास आणि सायलेन्सरच्या पोटातले कप्पे मिळून ठरवतो. करवतीने अर्धा फूट नळी कापणाऱ्याने हा सगळा हिशेब कापलेला असतो.

अर्थात कंपनीची नळी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तिला आवाजाची मर्यादा पाळायची असते, प्रदूषणाची पाळायची असते, किंमत आवरायची असते, आणि रोज बाजारात जाणाऱ्या माणसाला कमी वेगात ताकद द्यायची असते. शर्यतीसाठी वरच्या टापूतली ताकद हवी असेल, तर तिच्यात सुधारणेला जागा असते आणि माणसांनी ती केलीही आहे. जपानच्या फुकुओकात अमेरिकन सैनिकांच्या गाड्या दुरुस्त करत मोठे झालेले हिदेओ योशिमुरा, ज्यांना सगळे 'पॉप्स' म्हणत, त्यांनी 1971च्या सुमारास होंडाच्या चार सिलिंडरच्या गाडीला चार नळ्या एकात मिळवणारा एक्झॉस्ट बसवला. चार सिलिंडर आळीपाळीने ठोके देतात. एकाचा ठोका संगमावरून पुढे जाताना दुसऱ्याच्या नळीत ओढ तयार करतो, चौघं एकमेकांचा श्वास ओढतात. वजनही कमी झालं. पण त्यामागे मापं होती, पुन्हा पुन्हा कापून जोडलेल्या नळ्या होत्या.

या विद्येचा खरा चमत्कार मात्र टू-स्ट्रोकमध्ये झाला. तो पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ या छोट्या गावात झाला, ते अभावाचं गाव होतं.

टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, पिस्टनच त्या उघडतो आणि झाकतो. अडचण अशी की ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराची खिडकी उघडीच असते. निम्मं धान्य कोठारात आणि निम्मं उंबऱ्याबाहेर, असा प्रकार. वाल्टर काडेन हे महायुद्धात पेनेम्युंडे इथे क्षेपणास्त्रांच्या कामावर होते. युद्धानंतर ते त्शोपाउच्या एमझेड कारखान्यात शर्यतीच्या गाड्या बांधायला आले. साध्या सरळ नळीऐवजी मध्ये फुगलेलं धुराडं लावायची कल्पना डीकेडब्ल्यू कंपनीच्या एरिक वोल्फ यांनी त्यांच्या आधी वापरली होती. काडेन यांनी ऑसिलोस्कोप लावून त्या धुराड्यातल्या लाटा पाहिल्या आणि त्याला आकार दिला. आधी अरुंद नळी, मग हळूहळू रुंदावत जाणारा शंकू, मग पोट, मग झपाट्याने आवळणारा उलटा शंकू, शेवटी बारीक शेपटी. रुंदावणारा शंकू उघड्या तोंडासारखा वागतो. तो ओढ परत पाठवतो, सिलिंडरमधला धूर बाहेर खेचतो आणि त्याच्यामागोमाग ताजं मिश्रणही थेट नळीपर्यंत ओढून आणतो. पुढचा आवळणारा शंकू बंद तोंडासारखा वागतो. तो दाब परत पाठवतो, आणि ती लाट, खिडकी बंद होण्याच्या अगदी आधी, नळीत सांडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. उंबऱ्याबाहेर गेलेलं धान्य वाऱ्याच्या हातांनी परत कोठारात. यात एकही हलणारा भाग नाही. वाकवून जोडलेला पत्रा, बस्स.

1961मध्ये काडेन यांचं 125 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्ती देत होतं. म्हणजे लिटरला 200. टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता तोवर कुठल्याच इंजिनाने एवढी मजल मारली नव्हती. त्या वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या दारात होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर डेग्नर पश्चिमेला पळाला. त्याच सुमारास त्याच्या बायकामुलांना मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं होतं. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला गेलं. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला, डोक्यात काडेन यांची मापं घेऊन, आणि 1962मध्ये 50 सीसी गटात त्याने सुझुकीला तिचं पहिलं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. सुझुकाच्या ट्रॅकवर आजही डेग्नरच्या नावाचं वळण आहे. काडेन त्शोपाउतच राहिले. मला या गोष्टीत दरवेळी डेग्नरपेक्षा काडेन जास्त आठवतात: परकीय चलन नाही, चांगलं पोलाद नाही, आणि ज्याच्यावर भरवसा टाकला तो आयुष्यभराची मापं घेऊन गेलेला.

ती विद्या मग जपानभर पसरली, आणि आपल्या रस्त्यांवर ती आरएक्स 100 ही मोटारसायकल होऊन आली. 1985 ते 1996. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, 7500 फेऱ्यांना. तिच्या सायलेन्सरचं बाहेरचं क्रोमचं नळकांडं पाहून आत शंकू असतील असं कुणाला वाटणार नाही, पण आहेत. हिशेब करून बघण्यासारखा आहे. 7500ला एक फेरा 8 मिलिसेकंदांचा, आणि धुराची खिडकी जवळपास अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद उघडी. तेवढ्यात लाट जाऊन येऊन साधारण मीटरभर लांबीची नळी पार करते. सिलिंडरपासून मागच्या शंकूपर्यंतचं अंतर का तेवढंच ठेवायचं, ते इथे कळतं. अमुक फेऱ्यांवर ती गाडी अचानक पेटल्यासारखी उसळायची, ती लाट वेळेवर पोचल्याची खूण होती.

आमच्या घरीही टू-स्ट्रोक स्कूटर होती. दर काही महिन्यांनी तिला कात्रजचा घाट चढवेनासा व्हायचा. मग बाबा सायलेन्सर सोडवून मेकॅनिककडे न्यायचे आणि तो भट्टीवर लाल करून आतली काजळी जाळायचा, ठोकून झाडायचा. ऑइलमुळे धरलेल्या काजळीने वाट बुजते, एवढंच तेव्हा कळायचं. काजळीने आतले आकार बदलतात आणि लाटेची वेळ हुकते, हे कळायला वीस वर्षं गेली. टू-स्ट्रोक पुढे रस्त्यांवरून गेली, तीही या लाटेच्या वेळेपायीच. कितीही सुंदर लाट असली तरी ती एकाच टापूत नीट काम करते. बाकीच्या वेगांना न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर सांडतं, आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर त्याला क्षमा राहिली नाही.

आताच्या गाड्यांत आणखी दोघे नळीत येऊन बसले आहेत. 1 एप्रिल 2020पासून लागू झालेल्या बीएस 6 नियमांच्या गाड्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप दिलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि त्याच्याआधी ऑक्सिजन सेन्सर. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला ते सेन्सर सांगतो आणि संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. पुंगळीवाल्याची सर्वांत मोठी फसगत इथे होते. ओढीची लाट सिलिंडरशी परत येते तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला असतो. सांध्यावरची रिंग नीट बसली नसेल, तर तिथून धूर बाहेर येतो आणि मधल्या क्षणांत बाहेरची हवाही आत शोषली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन पाहून सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज उतरतं. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल आणि शोषलेली हवा तापलेल्या नळीत भेटतात आणि फटाका फुटतो. पोराला तो रुबाब वाटतो. प्रत्यक्षात ते इंजिनाबाहेर जळलेलं पेट्रोल असतं, त्याने एकाही चाकाला हातभार लावलेला नसतो.

आवाज ही ताकद नव्हे, हे मला ठासून म्हणायचं आहे, कारण या फसवणुकीची किंमत इतर लोक मोजतात. कंपनीतून निघताना 175 सीसीवरच्या दुचाकीला 80 डेसिबलची मर्यादा असते. डेसिबलचं मोजमाप असं आहे की 10 वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 आहे. रात्री अकराला गल्लीतून पुंगळी गेली की पाळण्यातलं मूल दचकून उठतं, हृदयविकाराचा म्हातारा उठून बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2)खाली याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि काही शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्यांवर रोडरोलर फिरवला आहे. मला त्या दृश्याचा आनंद होत नाही. इंजिनावर जीव असलेल्या पोरांना त्याच्या आतलं कुणी दाखवलंच नाही, याचं वाईट जास्त वाटतं.

उद्यमनगरातल्या मुलाने मूळ सायलेन्सर विकला नव्हता, घरी माळ्यावर टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन आला. मिस्त्रींनी आधी गाडी पुंगळीवरच वाघबिळापासून पन्हाळ्याच्या चढाला न्यायला सांगितली. मी मागून स्कूटीवर होते. चढाच्या मध्यावर मुलाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागलं. परत आल्यावर, गाडी गार झाली तेव्हा मिस्त्रींनी पुंगळी उतरवली, बेंड पाइपाच्या तोंडात बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "ताई, इथं बोट घाला." आत वेल्डिंगचा गोळा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यांनी तो घासला. त्यांच्या वडिलांच्या वेळी असे पाइप कसे वाकवत, ते सांगत राहिले: कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांत लाकडी गुट्टे मारायचे, मग लाल करून वाकवायचं, म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. नवी रिंग टाकून त्यांनी मूळ सायलेन्सर चढवला.

त्याच चढाला गाडी तिसऱ्यातच वर गेली.

खाली आल्यावर मुलगा काही बोलला नाही. इंजिन चालू ठेवून तो टाकीवर वाकला आणि कान देऊन राहिला.

"मामा, हे टिक टिक काय?"

"टॅपिट," मिस्त्री म्हणाले. "लई दिवस झालं वाजत असंल. तुला ऐकू येत नव्हतं."

त्याने पान्याच्या पेटीकडे हात नेला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"गार होऊ दे आधी. टॅपिट गार इंजिनावर धरायचं असतं. जा, तीन चहा सांग."